माकडटोपीचे टाके

मच्छिंद्रच्या जीपमध्ये तीन पोरं जन्मली होती. ही गोष्ट तो स्वतः विसरत नव्हता आणि दुसऱ्या कुणाला विसरू देत नव्हता. जीपच्या मागच्या फळीवर त्याने पेंटरकडून तीन पाळणे रंगवून घेतले होते. कुणी नवखा विचारायचा, हे काय बुवा? मग मच्छिंद्र इंजिन बंद करून, विडी पेटवून, पहिल्या पाळण्यापासून सुरुवात करायचा. घाईत असलेल्या माणसाने त्या पाळण्यांकडे बघायचं नाही, हे पाथर्डीच्या स्टँडवर सगळ्यांना पाठ होतं.

तिन्ही पोरं एकाच जागी झाली होती. मच्छिंद्रच्या गावाहून शेवगावला जाताना म्हसोबाचा ओढा लागतो. ओढ्यात पाणी कधीमधी, दगडगोटे मात्र बारमाही. तिथून जाताना जीप अशी आपटायची की पोटातली भाकरी गळ्याशी येऊन पुन्हा खाली जायची. आता तीन बायका तिथेच मोकळ्या झाल्या म्हटल्यावर लोकांनी आपली सांगड घातली. मच्छिंद्रची जीप आणि म्हसोबाचा ओढा जमून आला की बाळंतपण नॉर्मल. पुढे पुढे तर दिवस भरत आलेल्या सुनांना घेऊन सासवा यायच्या आणि म्हणायच्या, दवाखान्यात न्यायचं नाही, नुसती ओढ्यावरून फेरी मारून आणा. मच्छिंद्र देवाची पालखी उचलल्यासारखा गंभीर चेहरा करायचा आणि फेरी मारून आणायचा. त्याला कुणी वेडा म्हणालं नाही, कारण म्हणायला शहाणं कुणी उरलं नव्हतं.

तिसऱ्या पाळण्याच्या शेजारी त्याने चौथ्यापुरती जागा मोकळी ठेवली होती. ती नातवंडासाठी. थोरली लेक छबू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तो स्टँडवरच्या झाडून सगळ्यांना सांगून आला, की आता जागा भरणार.

आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी, ताटावर बसल्या बसल्या, छबू म्हणाली, "आबा, मला शिजर करायचंय."

मच्छिंद्रचा घास हातातच राहिला. "अगं येडे, शिजर अडलेल्या बाईचं करत्यात. तू कुठं अडलीस?"

"मी आत्ताच अडले," छबू म्हणाली.

चुलीपुढून रतनबाई वळली. मच्छिंद्रची बायको बोलायची कमी, पण बोलली की तवा उतरवून बोलायची. तिने तवा उतरवला. "म्या चार लेकरं घरी काढली. तुज्या येळंला तर दुपारपातूर बाजरी खुडत हुते."

"तुजी तू खुडलीस, आई. मला न्हाई खुडायचं."

"पन का म्हून?"

त्यावर छबूने मान खाली घातली ती वर केलीच नाही. ही पोर लहानपणापासून अशी, गाडीच्या टपावर चढून बसायची, पण एकदा गप्प झाली की पान्यानेसुद्धा उघडायची नाही. रतनबाईने समजावलं, रागावलं, खिरीत तूप जास्त घातलं. छबूने खीर खाल्ली आणि म्हणाली, शिजरच.

मच्छिंद्रची झोप उडाली. तालुक्यातल्या सुना त्याच्या जीपमधून नॉर्मल होणार आणि त्याची स्वतःची लेक पोट कापून घेणार, म्हणजे हलवायाच्या घरी पाव्हण्यांना गुळाचा खडा. शेवटी त्याला कुठूनसं कळलं की शेवगावात एक डॉक्टरीणबाई दर शनिवारी दुपारी गरोदर बायकांचा वर्ग घेतात. फुकट. बाळंतपण म्हणजे काय, श्वास कसा घ्यायचा, भीती कशी घालवायची, सगळं शिकवतात. मच्छिंद्रला हायसं वाटलं. मास्तरांपुढे भलीभली पोरं सरळ होतात, त्यात आपली छबू काय!

वर्ग दवाखान्याच्या मागच्या खोलीत भरायचा. मच्छिंद्रने जीप बरोबर खोलीच्या खिडकीखाली लावली. पुरुषाने आत जायचं नसतं एवढं त्याला कळत होतं. खिडकीबाहेर उभं राहायचं नसतं, एवढं मात्र कळत नव्हतं.

"कळा सुरू झाल्या की घाबरून जायचं नाही," आत बाई सांगत होत्या. "तोंड मिटून दम धरायचा नाही. सावकाश श्वास आत, सावकाश बाहेर."

"बरूबर हाय!" खिडकीतून आवाज आला. "आमच्या जीपमधी दुसऱ्या टायमाला आस्संच झालं."

आतल्या बायकांनी पदर सावरले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "कोण आहे तिकडे?"

"मी जीपवाला. म्हंजी बाप. छबूचा."

"पुरुषांनी बाहेर थांबायचं असतं."

"भाईरच हाय की मी."

ते खरंच होतं. मग बाईंच्या ध्यानात आलं की ज्याच्याबद्दल अर्धा तालुका बोलतो तो जीपवाला हाच. त्यांनी त्याच्याकडे तोंड करून सगळ्या वर्गाला सांगितलं, की गाडी आपटली म्हणून बाळंतपण सोपं होत नसतं. उलट पोटातल्या बाळाला इजा व्हायची. ती पोरं जीपमध्ये झाली, कारण त्या बायकांना निघायला उशीर झाला होता, बस्स. मच्छिंद्रने ऐकून घेतलं आणि फुरंगटून जीपमध्ये जाऊन बसला. काच खाली ठेवली, कारण रागावलं तरी पुढचं ऐकायचं होतंच.

पुढच्या शनिवारी वेगळाच पेच पडला. बाळ बाहेर कसं येतं हे दाखवायला बाई एक बाहुली आणि एक माकडटोपी वापरायच्या. टोपी म्हणजे गर्भपिशवी, आणि टोपीतून तोंड बाहेर काढायचं भोक म्हणजे पिशवीचं तोंड. टोपी त्यांच्या सासऱ्यांची होती. ती दर शनिवारी कुठे जाते हे सासऱ्यांना त्या आठवड्यात कळलं, आणि त्यांनी टोपी कपाटात घालून किल्ली जानव्याला बांधली. बाई हातात नुसती बाहुली घेऊन उभ्या. इतक्यात त्यांची नजर खिडकीकडे गेली. गजांच्या पलीकडे तपकिरी माकडटोपीत मच्छिंद्रचं तोंड होतं.

"अहो, तुमची टोपी द्या जरा," बाई म्हणाल्या.

मच्छिंद्रला वाटलं आपला मान वाढला. त्याने टोपी काढून गजांतून आत दिली. मग बाईंनी तिच्यात बाहुली कोंबली, वरून दोन्ही हातांनी दाबलं, आणि टोपीच्या भोकातून हळूहळू बाहुलीचं टक्कल दिसू लागलं. एक बाई खुदकन हसली. मग दुसरी. बाहुलीचं डोकं कपाळापर्यंत येऊन अडकलं तेव्हा सगळा वर्ग पोट धरून हसत होता, आणि त्या वर्गात पोट धरणं हे काही हलकं काम नव्हतं. थंडीचे दिवस होते. त्या आठवड्यात किती सुनांना शेकोटीशी बसलेल्या सासऱ्यांकडे बघून तोंडात पदर कोंबावा लागला असेल, ते त्यांचं त्यांना माहीत.

हसली नाही ती एकटी छबू. ती टोपीकडे बघत होती आणि एका हाताने आपली वेणी घट्ट धरून बसली होती. बोडक्या डोक्याने खिडकीत उभ्या असलेल्या मच्छिंद्रला ते दिसलं. काय ते कळलं नाही, पण दिसलं.

त्याच्या पुढच्या वर्गात बाईंनी विचारलं, "प्रत्येकीने सांगा बघू, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते? लाजायचं नाही."

एकीला भीती होती की कळा आल्यावर आपल्या तोंडून सासऱ्याला शिवी जाईल. एकीला वाटत होतं, बाळाला नणंदेचं नाक येईल. बाई म्हणाल्या, नाकावर माझ्याकडे इलाज नाही. मग छबूची पाळी आली. खिडकीबाहेर मच्छिंद्रने कान दिला.

"मी लहान हुते," छबू म्हणाली. "साळंला सुट्टी हुती म्हून आबांच्या संगं जीपमधी पुढं बसले हुते. मागं बनुबाई हुती."

मच्छिंद्रचा चेहरा खुलला. बनुबाईचा म्हणजे पहिला पाळणा! त्याची सगळ्यात आवडती गोष्ट. भर दुपार, ओढा, एक दणका, ट्याँहां, आणि मग सगळ्या गावाला गूळ. आता पोर ती रंगवून सांगणार म्हणून तो गजांना चिकटला.

"बनुबाई सारखी म्हनत हुती, दादा गाडी थांबव. आबा थांबंनात. आता थांबली तर पुन्ना चालू व्हायची न्हाई म्हनले. मागं वळून बघितलंच न्हाई त्यांनी, रस्ता बघत हुते. मग बनुबाईनं मागून माझी येनी धरली. ती सोडंचना. ती वरडायची आन् माझी मान मागं जायाची. ओढ्यापातूर धरून हुती. मी वरडले तर कुनाला कळलंबी न्हाई, तिच्याच वरडन्यात गेलं. तवापास्नं कुनाला कळा येत्यात म्हनलं की माझं टकुरं दुखतं. आन् आबा ती गोष्ट लई हसून हसून सांगत्यात."

मच्छिंद्रने गज सोडले. त्या सुट्टीत छबूने हट्टाने केस कापून घेतले होते, ते त्याला आठवलं. उवा झाल्या असतील म्हणून रतनबाईने कापले होते. ही गोष्ट त्याने स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, खुद्द छबूच्या सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा सांगितली होती, आणि पुढच्या सीटवर कुणी बसलं होतं हे एकदाही सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. इतकी, की विडी काढली आणि पेटवायची राहून गेली.

आत बाई छबूशेजारी येऊन बसल्या होत्या. "भीती खरी आहे तुझी," त्या म्हणाल्या. "तिला हसायचं नाही आणि तिला भ्यायचंही नाही. आता मी दोन्ही बाजू सांगते. तू धडधाकट आहेस, बाळ नीट आहे. तुझ्यासारखीला नॉर्मल सहसा सोसतं, आणि मी सगळा वेळ तुझ्याजवळ असेन. ऑपरेशन म्हणजे सुखाचा मार्ग नव्हे. पोट कापायचं, टाके घालायचे, रक्त जास्त जातं, उठायला-बसायला त्रास, पुढच्या बाळंतपणालाही ते लक्षात ठेवावं लागतं. हे सगळं ऐकून, विचार करून, तरीही तुला तेच हवं असेल तर मी करेन. तुझं पोट आहे."

"ते कसं करत्यात, त्ये दावा की," छबू म्हणाली.

मच्छिंद्रने आजही गजांतून दिलेली माकडटोपी टेबलावर होती, तिच्याकडे बाईंनी पाहिलं. "दाखवलं असतं. पण त्याला टोपी कापावी लागेल, आणि टोपी तुझ्या वडलांची."

थंडी तर अजून सरायची होती. पहाटे जीप काढताना कान गळून पडतील असं व्हायचं, आणि ती टोपी रतनबाईने स्वतःच्या हाताने विणलेली होती. सगळ्या बायका खिडकीकडे बघू लागल्या. खिडकी रिकामी होती. मग जीपच्या डिकीची खडखड ऐकू आली आणि गजांतून एक हात आत आला. हातात वायरी कापायची कात्री होती.

"कापा, बाई," मच्छिंद्रचा आवाज आला. तोंड त्याने दाखवलं नाही.

बाईंनी आपली स्वच्छ कात्री घेतली, टोपीला खालच्या अंगाला आडवी चीर दिली, बाहुली डोक्याने अलगद बाहेर काढली आणि काळ्या दोऱ्याने चीर शिवून टाकली. छबू टक लावून बघत होती. "ह्यात मी झोपल्याली असते का?" तिने विचारलं.

"नाही. कमरेखालचं बधिर करतो. तू जागी असतेस, दुखत नाही."

"माझ्या येनीला तर कुनी हात लावनार न्हाई ना?"

"मी लावू देणार नाही," बाई म्हणाल्या.

छबूने घाईने काही ठरवलं नाही. चांगले दोन-तीन शनिवार वर्गाला गेली, श्वास शिकली, बाईंना खोदून खोदून विचारलं, आणि मग म्हणाली, सगळं कळलं, पण मला ऑपरेशनच करायचं. बाईंनी बाळाचे दिवस पुरते भरू दिले आणि पुढचा गुरुवार धरला, कारण भूल देणारे डॉक्टर नगरहून गुरुवारी यायचे.

ही बातमी कळताच छबूची सासू लंकाबाई गाठोडं घेऊन दाखल झाल्या. जावई गहिनीनाथ साखर कारखान्यात होता, आणि गाळप ऐन भरात असल्याने त्याला सुटी नव्हती. त्याने आईबरोबर निरोप धाडला होता, की आई म्हणेल तसं.

"पाव्हनं," लंकाबाई ओट्यावर बसत म्हणाल्या, "आमच्यात पोट फाडून पोर काढायची चाल न्हाई. सूनबाईला जीपमधी घाला, वड्यावरनं चांगल्या दोन फेऱ्या मारा, का समदं बैजवार हुतंय."

महिन्याभरापूर्वी हे ऐकून मच्छिंद्रने आनंदाने किल्ली फिरवली असती. आता तो म्हणाला, "न्हाई, इहीनबाई."

"का? साऱ्या तालुक्याच्या बायांना चालती तुमची जीप. पोटच्या लेकीलाच न्हाई व्हय?"

हे वर्मी लागलं. रतनबाई दारात उभी होती. तिलाही नॉर्मलच हवं होतं, पण नवरा काय बोलतो म्हणून ती बघत राहिली. मच्छिंद्रने टोपी काढली, टाके घातलेली बाजू विहीणबाईंच्या पुढे धरली. "ही टोपी बगा. कापली, शिवली. काय वंगाळ झालं? डोक्यात बसती. कान झाकत्यात. पोरगी म्हनंल तसं हुनार, इहीनबाई. आन् ह्या गावात तिला कुनी वड्यावर आपटवनार न्हाई."

टोपीचा आणि बाळंतपणाचा काय संबंध, हे लंकाबाईंना काही कळलं नाही. पण एवढ्या गंभीर चेहऱ्याने माकडटोपी दाखवणाऱ्या माणसाशी वाद घालू नये इतकं शहाणपण त्यांच्याकडे होतं. रतनबाई आत गेली आणि छबूचं गाठोडं बांधू लागली.

गुरुवारी सकाळी मच्छिंद्रने जीपला हातच लावला नाही. त्याचा स्वतःच्या जीपवरचा विश्वास बाई एवढं सांगूनही पुरता गेला नव्हता. एक दणका बसला आणि पोरीला वाटेतच कळा सुरू झाल्या तर? तो छबूला, रतनबाईला आणि लंकाबाईंना घेऊन फाट्यावर एस.टी.ला उभा राहिला. फाट्यावरची माणसं तोंडाचा आ करून बघू लागली.

"मच्छिंद्रशेठ, जीप कुठंय?" कंडक्टरने विचारलं.

"ऱ्हाऊ दे तिला घरी," तो म्हणाला. "चार तिकिटं फाड."

पण म्हसोबाचा ओढा एस.टी.लाही चुकणार नव्हता. लांबून दगड दिसू लागले तशी छबूने वेणी पुढे घेतली आणि मुठीत धरली. मच्छिंद्र उठला, केबिनपाशी गेला, आणि भरल्या गाडीत ओरडला, "थांबव! गाडी थांबव!"

गाडी थांबली. तो खाली उतरला, धोतर खोचलं, टाके घातलेली टोपी कानावर ओढली आणि एस.टी.च्या पुढे ओढ्यात शिरला. वाटेतले गोटे उचलून बाजूला टाकायचा, मग ड्रायव्हरकडे तोंड करून उलट्या पावली चालत दोन्ही हातांनी खुणा करायचा. डावीकडं. आजून. सावकाश. उजवं चाक धोंड्यावर नको. ड्रायव्हर हसत होता, पण गाडी नवरीसारखी हळू चालवत होता. मागून एक टेम्पो ठोंब्यासारखा हॉर्न वाजवत राहिला. लंकाबाईंनी पदराने सगळं तोंड झाकून घेतलं. गाडीतल्या माणसांनी खिडक्यांतून माना काढून तालुक्याच्या नॉर्मलवाल्याची ती वरात बघितली, आणि पुढे वर्षभर ती त्यालाच ऐकवली.

ओढ्याच्या पलीकडे गेल्यावर तो धापा टाकत वर चढला. छबूच्या मुठीतली वेणी सुटली होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "ह्या बारीला थांबवलीत व्हय गाडी."

डोळ्यांत धूळ गेली असं कंडक्टरला सांगून मच्छिंद्र दांड्याला धरून उभा राहिला.

मुलगी झाली. काळीसावळी, खणखणीत आवाजाची, आणि नाक थेट आत्याचं. लंकाबाईंनी नाक ओळखलं आणि त्या क्षणी पोट फाडण्याबद्दलची सगळी तक्रार विसरून नातीला मांडीवर घेतलं. मग पोरीने दुपटं ओलं केलं. दुसरं ओलं केलं. तिसरं दोरीवर वाळत होतं. खिडकीतून गार वारा येत होता.

मच्छिंद्र दाराशी घुटमळत होता. त्याने खिशातून टोपी काढली. "बाईंनी सांगितलं तशी उकळत्या पान्यात धुऊन घेतली परवाच," तो म्हणाला. "वड्यात घातली तेवढीच. तवर हिलाच घाला की."

"आवं, तुमची टोपी कुठं, पोर कुठं!" रतनबाई म्हणाली, पण लंकाबाईंनी टोपी घेतलीही होती. दोघी विहिणींनी मिळून पोरीला त्या टोपीच्या गळ्यातून पायाकडून आत उतरवलं. पाय गेले, पोट गेलं, खांदे गेले. अख्खी पोर टोपीत मावली. आणि मग भोकातून ते इवलंसं लालबुंद टकलं वर आलं, रागाने आठ्या घातलेलं, कपाळापर्यंत येऊन थांबलेलं. अगदी वर्गातल्यासारखं.

खाटेवरून फुस्स असा आवाज आला. मच्छिंद्र दचकून वळला. छबू दोन्ही हातांनी पोट दाबून धरून हसत होती. माहेरी आल्यापासून पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी, वेणी उशीवर मोकळी पसरलेली.

"आबा, काढा ती टोपी," ती कशीबशी म्हणाली. "हसवू नका ओ, टाकं दुखत्यात."